हिंगण्याची झोपडी

रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीपासून काही मैलांवर, समुद्राला लागून मुरूड नावाचे एक लहानसे गाव आहे. जंजिऱ्याच्या मुरूडहून हे गाव निराळे. पश्चिमेस अथांग सागर, किनाऱ्याच्या कडेने गेलेला गावाचा रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंस नारळी-पोफळींच्या बागांत दडलेली घरे आणि गावात दुर्गादेवीचे जुने मंदिर, असे या गावाचे रूप. उत्तरेस जवळच हर्णै बंदर असून त्याच्या समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. एकोणिसाव्या शतकात या भागात मोठे रस्ते नव्हते की आगगाडी नव्हती. पावसाळ्यात समुद्र खवळला म्हणजे मुंबईची वाट बंद होई आणि दुसऱ्या बाजूने सह्याद्री आडवा येई. अशा या आडबाजूच्या गावात धोंडो केशव कर्वे यांचे बालपण गेले. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली या आजोळच्या गावी झाला.

कर्वे घराणे एके काळी संपन्न होते. परंतु धोंडोपंतांच्या जन्मापूर्वीच ते वैभव लयाला गेले होते. वडील केशवपंत दुसऱ्याच्या पदरी नोकरी करून संसार चालवीत. मातोश्री लक्ष्मीबाई मोठ्या मानी होत्या. घरात चणचण असली, तरी कोणापुढे हात पसरावयाचा नाही, ही शिकवण त्यांनी मुलांना दिली. बाळपणी मिळालेला हा ठेवा धोंडोपंतांनी जन्मभर जपला. पुढे लोककार्यासाठी त्यांनी शेकडो दारे ठोठावली. परंतु स्वतःसाठी मात्र कधी कोणाकडे काही मागितले नाही.

मुरूडच्या शाळेत सोमण नावाचे एक शिक्षक होते. मुलांना केवळ पाठ्यपुस्तके शिकवून त्यांचे समाधान होत नसे. गावातील लोकांना जगातील घडामोडी कळाव्यात, असे त्यांना वाटे. त्या काळी खेड्यात वाचता येणारे लोक थोडे आणि वर्तमानपत्र घेणारे त्याहून थोडे. म्हणून दुर्गादेवीच्या देवळात ग्रामस्थांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याची प्रथा पडली आणि ते काम विद्यार्थी असलेल्या धोंडोपंतांकडे आले. स्वभावाने अतिशय लाजाळू असलेला हा मुलगा देवळात बसून मोठ्याने वाचू लागे आणि शेतातून, बागांतून आलेली वडीलधारी माणसे कान देऊन ऐकत. आपल्याला जे येते ते इतरांच्या उपयोगी पडले पाहिजे, हा पहिला धडा त्यांना तेथे मिळाला.

सन १८७५ मध्ये धोंडोपंतांनी सरकारी नोकरीसाठी आवश्यक असलेल्या परीक्षेस बसण्याचे ठरविले. परीक्षा मुंबईस किंवा साताऱ्यास होणार होती. पावसाळ्यामुळे समुद्रमार्गे मुंबईस जाणे अशक्य झाले, तेव्हा काही सोबत्यांसह ते पायीच साताऱ्यास निघाले. अंतर शंभर मैलांहून अधिक होते. पाठीवर सामान, डोक्यावर पाऊस आणि वाटेत सह्याद्रीचा कुंभार्ली घाट! वेळेवर पोहोचावे म्हणून रानातल्या आडवाटांनी, काळोखात ठेचाळत ही मुले चालत राहिली आणि परीक्षेपूर्वी साताऱ्यास पोहोचली. परंतु तेथे निराळेच संकट वाढून ठेवले होते. परीक्षेस बसणाऱ्यास सतरा वर्षे पूर्ण झालेली असावयास हवीत, असा नियम होता. धोंडोपंतांना तेवढी वर्षे पूर्ण झाली होती आणि तसा दाखलाही त्यांच्याजवळ होता. पण ते दिसावयास लहानखुरे. परीक्षासमितीच्या प्रमुखांनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा असूच शकत नाही, असे ठरवून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही.

इतके श्रम क्षणात वाया गेले. दुसरा एखादा मुलगा अशा वेळी खचून गेला असता. धोंडोपंतांना दुःख झाले, पण ते निराश झाले नाहीत. पुढील वर्षी तीच परीक्षा ते उत्तीर्ण झाले. लांबची वाट, पायांखालचा चिखल आणि अखेरीस पदरी नकार, हे सारे सोसून पुन्हा चालू लागण्याची सवय त्यांना लागली, ती या प्रवासातच!

त्यानंतर ते इंग्रजी शिक्षणासाठी मुंबईस गेले. सन १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. सन १८८४ मध्ये गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले. शिकवण्या करून त्यांनी स्वतःचे शिक्षण केले आणि पुढे अनेक शाळांतून शिकवीत त्यांनी संसार चालविला. शहरात राहूनही त्यांचे मन मुरूडला विसरले नाही. नोकरीधंद्यासाठी बाहेर पडलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीचा थोडा भाग गावासाठी द्यावा, अशी योजना त्यांनी आखली आणि 'मुरूड फंड' उभा केला. शाळेसारख्या गावाच्या सार्वजनिक कामांना त्याचा उपयोग व्हावा, हा त्यामागील हेतू होता. ज्या गावाने आपल्याला वाढविले, त्याचे ऋण फेडलेच पाहिजे, असे त्यांना मनापासून वाटे.

सन १८९१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात मोठे स्थित्यंतर घडविणारे ठरले. त्या वर्षी त्यांची पत्नी राधाबाई यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. काही काळाने पुन्हा विवाह करण्याविषयी आप्तेष्टांचा आग्रह सुरू झाला. त्या काळी पत्नी वारलेल्या पुरुषाने एखाद्या लहान मुलीशी लग्न करणे ही सामान्य गोष्ट होती. परंतु स्त्रियांचे तसे नव्हते. मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत. त्यांतील पुष्कळ मुलींचे पती लवकरच मरण पावत. मग ज्या वयात खेळावयाचे, बागडावयाचे, त्या वयात त्या मुलीच्या वाट्याला वैधव्य येई. उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या घरांत तिला दुसरे लग्न करण्याची मुभा नसे. तिचे केस काढून टाकीत, तिला अपशकुनी मानीत आणि घरातील कष्टाच्या कामाला जुंपीत. विधवेच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा सन १८५६ मध्ये झाला होता. परंतु रूढीपुढे कायदा दुबळा ठरला होता.

धोंडोपंतांनी हे दुःख जवळून पाहिले होते. विवाह करावयाचाच झाला, तर तो एखाद्या विधवेशीच करावयाचा, असा त्यांनी निश्चय केला. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची भगिनी गोदूबाई ही बालविधवा होती. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात ती शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंचे नाव आनंदीबाई ठेवण्यात आले. पुढे लोक त्यांना बाया म्हणून, तर धोंडोपंतांना अण्णा म्हणून ओळखू लागले.

या विवाहाची वार्ता मुरूडला पोहोचली आणि गाव खवळले. ग्रामस्थांनी सभा भरवून अण्णांवर बहिष्कार घातला. त्यांच्याशी व्यवहार ठेवू नये आणि त्यांच्या भावाने त्यांना घरात आश्रय दिल्यास त्याच्यावरही बहिष्कार पडेल, असे ठरले. ज्या गावकऱ्यांना त्यांनी देवळात बसून वर्तमानपत्र वाचून दाखविले होते, ज्या गावासाठी त्यांनी पै-पै गोळा केली होती, त्याच गावाने त्यांना दार बंद केले. वृद्ध आईला आपल्या लेकाला पंक्तीला घेऊन बसता येईना. हे दुःख अण्णांच्या जिव्हारी लागले. तरीही त्यांनी गावाला दूषण दिले नाही की मनात अढी धरली नाही. लोक दुष्ट नाहीत, ते रूढीच्या बंधनात अडकले आहेत, अशीच त्यांची समजूत होती. आपण शांतपणे आपले काम करीत राहावे, लोकांचे मन आज ना उद्या पालटेल, असा त्यांना विश्वास होता.

अण्णांच्या विचारास आता निराळी दिशा मिळाली. पुनर्विवाह हा काही सर्व विधवांच्या दुःखावरचा उपाय होऊ शकत नाही, हे त्यांनी ओळखले. ज्यांना विवाह करावयाचा नाही किंवा करता येत नाही, त्यांनी काय करावे? त्यांना शिक्षण मिळाले, तर त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहतील आणि मानाने जगतील. या विचारातून १४ जून १८९६ रोजी पुण्यात 'अनाथ बालिकाश्रम मंडळी'ची स्थापना झाली. अण्णांनी स्वतःजवळची पुंजी संस्थेला दिलीच, शिवाय आपला पाच हजार रुपयांचा आयुर्विमाही तिच्या नावे करून दिला. घरी बायांना मुलाबाळांची काळजी वाटणे स्वाभाविक होते. परंतु त्याही धीराच्या होत्या. त्यांनी नागपुरास जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले, संसाराला हातभार लावला आणि पुढे आश्रमासाठी वर्गणीही गोळा केली.

आश्रमाला पुण्यात सुखाने राहणे कठीण होते. एक तर शहरात प्लेगची साथ वरचेवर येई. दुसरे, विधवांना शिकविणाऱ्या या संस्थेकडे शहरातील सनातनी मंडळी रोषाने पाहत. अशा वेळी रावबहादूर गणेश गोविंद गोखले या उदार गृहस्थांनी आश्रमास सहा एकर जमीन दिली. ही जमीन पुण्यापासून सुमारे चार मैलांवर, मुठा नदीच्या डाव्या तीराकडे, हिंगणे बुद्रुक या खेड्यात होती.

हिंगणे हे त्या काळी अगदी लहान खेडे होते. थोडी घरे, सभोवती शेते आणि त्यांच्यापलीकडे खडकाळ माळ. शहरातून तेथे येण्यास धड रस्ता नव्हता. माणसांची वर्दळ नव्हती, दुकान नव्हते की दिवाबत्तीची सोय नव्हती. अशा त्या माळावर सन १९०० मध्ये एक साधी झोपडी उभी राहिली आणि मूठभर विद्यार्थिनी घेऊन अण्णांनी तेथे आश्रम सुरू केला. स्वयंपाक, निजणे, शिकणे सारे त्या झोपडीतच होई. ज्या मुलींना घरच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून बाहेर पडण्याची मोकळीक नव्हती, त्या या उघड्या माळावर बसून अक्षरे गिरवू लागल्या.

अण्णांची फर्ग्युसन कॉलेजातील नोकरी चालूच होती. दिवसभर कॉलेजात गणित शिकवावयाचे आणि संध्याकाळी हिंगण्याची वाट धरावयाची, असा त्यांचा क्रम सुरू झाला. आश्रमाला लागणारे सामानसुमान ते पुष्कळदा स्वतःच वाहून नेत. पावसाळ्यात वाटेवर एवढा चिखल होई की पाऊल उचलणे जड जाई. काट्याकुट्यांतून, काळोखातून वाट काढीत ते आश्रमात पोहोचत. दमून आलेला हा प्राध्यापक विसावा न घेता मुलींना शिकवावयास बसे. रात्री तेथेच राहून सकाळी ते पुन्हा चालत पुण्यास येत. रस्त्याने जाताना त्यांच्या कानांवर उपहासाचे शब्द पडत; पण त्या शब्दांना त्यांनी कधी उत्तर दिले नाही. त्यांच्याजवळ वक्तृत्व नव्हते, डोळ्यांत भरेल असे व्यक्तिमत्त्वही नव्हते. त्यांच्याजवळ होते ते केवळ न थकणारे पाय आणि न ढळणारा निश्चय.

हळूहळू कामात साथीदार मिळू लागले. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही तरुणपणीच विधवा झाल्या होत्या. त्या आश्रमात आल्या, शिकल्या आणि आश्रमाच्या आधारस्तंभ बनल्या. पैसा गोळा करण्यासाठी त्या गावोगाव हिंडल्या. पुढे तर त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. आश्रमात शिकलेल्या इतर स्त्रियाही शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. ज्यांना घरादाराने ओझे मानले होते, त्याच आता दुसऱ्यांच्या आधार झाल्या. सन १९०७ मध्ये अण्णांनी महिला विद्यालय सुरू केले आणि काही वर्षांनी तेही हिंगण्यास आले. आता विधवांप्रमाणेच इतर मुलीही येथे शिकू लागल्या. या कामाला जन्म वाहणारे कार्यकर्ते मिळावेत, म्हणून सन १९०८ मध्ये त्यांनी 'निष्काम कर्ममठ' स्थापिला.

एके दिवशी जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णांच्या हाती आली. आपल्या देशातही स्त्रियांसाठी असे विद्यापीठ का नसावे, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. तेथे त्यांनी ही कल्पना मांडली आणि जून १९१६ मध्ये महिला विद्यापीठाची स्थापना झाली. त्या वेळी अण्णांचे वय अठ्ठावन्न वर्षांचे होते. विद्यापीठाच्या पहिल्या कॉलेजात बोटांवर मोजण्याइतक्याच विद्यार्थिनी होत्या. पण शिक्षण मातृभाषेतून देण्याचा मोठा विचार त्यामागे होता. सन १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला देण्यात आले. सन १९३६ मध्ये या विद्यापीठाचे मुख्य कार्यालय मुंबईस नेण्यात आले. हिंगण्याच्या माळावर लावलेले रोप असे फोफावत गेले.

एवढे कार्य झाल्यावर कोणीही विश्रांती घेतली असती. अण्णा मात्र वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आणखी एका कामास लागले. मुरूडच्या देवळात वर्तमानपत्र ऐकावयास जमणारी माणसे ते विसरले नव्हते. ज्या खेड्यांची वस्ती फार थोडी, तेथे शाळा नसत आणि तेथील मुले निरक्षर राहत. अशा खेड्यांत शाळा काढण्यासाठी सन १९३६ मध्ये त्यांनी 'महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ' स्थापन केले. त्यांना दरमहा सत्तर रुपये निवृत्तिवेतन मिळे. त्यांतील पंधरा रुपये ते या कामाला देऊ लागले. उरलेल्या पैशांसाठी हा वृद्ध पुरुष पुण्याच्या रस्त्यांतून पायी फिरे आणि दारोदारी जाऊन वर्गणी मागे. कोणी थोडेसे दिले, तरी ते तेवढ्याच आनंदाने स्वीकारीत. अशा रीतीने अनेक लहान खेड्यांतील मुलांच्या हाती पाटी-पेन्सिल आली. सन १९४४ मध्ये, माणसामाणसांतील उच्चनीच भाव नाहीसा व्हावा म्हणून त्यांनी 'समता संघ' सुरू केला.

पुढे सन्मान अण्णांच्या दारी चालत आले. सन १९५५ मध्ये त्यांना पद्मविभूषण आणि सन १९५८ मध्ये, त्यांच्या वयास शंभर वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, भारतरत्न हा किताब देण्यात आला. एके काळी बहिष्कृत ठरलेल्या या पुरुषाला सारा देश महर्षी म्हणू लागला. सन्मानाने ते हुरळून गेले नाहीत, जसे ते अपमानाने खचले नव्हते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला.

आज हिंगणे हे खेडे राहिलेले नाही. पुणे शहराने त्याला कवेत घेतले असून त्या परिसराला कर्वेनगर असे नाव मिळाले आहे. जेथे खडकाळ माळ होता, तेथे शाळा, महाविद्यालये व वसतिगृहे उभी आहेत आणि हजारो मुली तेथे शिकत आहेत. त्या मोठ्या इमारतींच्या सान्निध्यात अण्णांची ती लहानशी झोपडी जपून ठेवलेली आहे. ज्या मुरूडने एके काळी अण्णांना दूर लोटले, त्या मुरूडलाही आज आपल्या या सुपुत्राचा अभिमान वाटतो.

मोठे कार्य करावयास मोठे नगर, विपुल धन किंवा अधिकार लागतो, असे पुष्कळांना वाटते. अण्णांचा जन्म खेड्यात झाला आणि त्यांच्या कार्याचे बीज रुजले तेही खेड्यातच. गावाने नाकारले, तरी त्यांनी गावाची सेवा सोडली नाही; लोक हसले, तरी त्यांनी आपली वाट सोडली नाही. दररोज चार मैल चिखल तुडवीत जाणाऱ्या त्या पावलांनी या देशातील असंख्य स्त्रियांसाठी ज्ञानाचा राजमार्ग तयार केला.